पॉजवर ठेवलेले मास्तर

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. आधी हसून घ्या. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझी जात कधी डोळ्यांनी पाहिलेलीही नसेल. काळी, चौकोनी, भिंतीत वीट म्हणून बसवली तरी खपून जाईन अशी. परवा या घरातल्या छोटीच्या मैत्रिणीने मला उलटसुलट करून विचारलं, "ही काय गं, कंपासपेटी?" असा राग आला! पण राग येऊन करते काय? आम्हाला तोंड असतं, पण ते मशीनच्या आत गेल्यावरच उघडतं. बाहेर ते झाकणाखाली बंद. सगळा घोटाळा त्यामुळेच झाला. मित्रांनो, मला जे कळत होतं ते मला बोलता आलं असतं ना, तर एक माणूस वाचला असता. अख्खा नाही. त्याचा चेहरा.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. खिडक्या बंद, पंखे घरघरतायत, आणि भिंतीला लागून मशीनवर मशीन रचलेलं. मधल्या टेबलावर एकच मोठं मशीन सिनेमा चालवायचं आणि बाकीची सगळी त्याचं बघून उतरवून घ्यायची, वर्गात एका हुशार पोराचं सगळ्यांनी उतरवावं तशी. माझ्या पोटात तेव्हा नुसती तपकिरी फीत होती, कोरी करकरीत. शेजारच्या रांगेत एक रडका कौटुंबिक सिनेमा उतरत होता. माझ्या वाट्याला आला 'कपाटातलं बिऱ्हाड'.

लेबल चिकटवणारी बाई नाव वाचून म्हणाली, "हा तो पडलेला सिनेमा ना गं?"

"पडायला आधी उठावं लागतं," दुसरी म्हणाली. "हा बसलेलाच होता."

दोघी हसल्या आणि त्या हसण्यात माझं लेबल तिरकं लागलं. तेव्हापासून मी तिरकीच आहे, बोलण्यातसुद्धा.

सिनेमा असा होता की एक कुटुंब भाड्याच्या घरात राहायला येतं आणि त्या घरातल्या कपाटात आधीच एक भुतांचं कुटुंब राहत असतं. गंमत अशी की भुतंच माणसांना जास्त घाबरतात. थिएटरात लोकांना कळेना की घाबरायचं का हसायचं, मग ते उठून घरी जायला लागले. सिनेमा विकणाऱ्याने घाबरून कात्री उचलली आणि गोष्ट जिथे जिथे रेंगाळत होती तिथे तिथे कचाकचा कापलं. पण व्हिडिओ कंपनीला सिनेमाच्या रिळांची जी पेटी मिळाली ती कात्रीच्या आधीची निघाली. कुणी तपासलंच नाही. बसलेल्या सिनेमाला कोण तपासत बसतं? म्हणून माझ्या पोटात एक असा प्रसंग राहून गेला, जो पुढे थिएटरात कुणालाच दिसला नाही.

मी गेले एका व्हिडिओ लायब्ररीत. तिथल्या काकांनी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "बघून झालं की मागे गुंडाळून आणा." म्हणजे फीत परत सुरुवातीला आणून ठेवा. लोक आणायचे नाहीत आणि काका चिडायचे, "जेवून ताट तसंच टाकून उठता का रे?" मला त्यांनी आधी भुतांच्या फळीवर ठेवलं. लोक परत आणून म्हणाले, "काका, हसू येतं हो." मग विनोदाच्या फळीवर ठेवलं. तर एक आई भांडायला आली, "पोरगं कपडे काढायला कपाटाजवळ जात नाही!" शेवटी मला गल्ल्यामागच्या स्टुलावर टाकून दिलं. काका माझ्यावर चहाचा कप ठेवायचे. अपमान गिळायची सवय मला तिथे लागली.

लायब्ररीला लागून शिंप्याचं दुकान होतं. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. अंगाने काटकुळे, कानावर खडू, तोंडात टाचण्या. शिलाई मशीनचं चाक उजव्या हाताने फिरवून फिरवून त्यांचा उजवा खांदा खाली आला होता. एखाद्या हँगरवर शर्ट नीट बसला नाही की कसा दिसतो, तशी त्यांची पाठ. माझ्यातल्या भुतांचे कपडे या मास्तरांनीच शिवले होते. शूटिंगच्या दिवशी एक नट आला नाही, तेव्हा दिग्दर्शकाने यांच्याकडे बघून म्हटलं, "तुम्हाला फार रंग लावावा लागणार नाही, उभे राहा." आणि मास्तर उभे राहिले. शिंप्याचं भूत म्हणून.

मग मास्तर बायकोला आणि मुलीला घेऊन थिएटरात गेले. नव्या सदऱ्यात. सगळा सिनेमा ते मुलीच्या कानात सांगत राहिले, "आता येतो बघ. हां, या दारानंतर. नाही, पुढच्या." तोवर कात्री चालून गेली होती. मास्तर आलेच नाहीत. दिवे लागले तेव्हा मागचा माणूस म्हणाला, "मास्तर, कपाटातच राहिलात वाटतं?"

ही मुलगी म्हणजे भिंगरी. खरं नाव शाळेच्या हजेरीत असेल, पण एका जागी पाय ठरायचा नाही म्हणून सगळे भिंगरीच म्हणायचे. नाकाच्या शेंड्यावर राग. एका दुपारी काका दुकानाच्या दारात उभे राहून सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तर, तुमचा सिनेमा आलाय माझ्याकडे. तुम्ही दिसता म्हणे त्यात. भिंग आणू का घरून?" मास्तरांनी मान खाली घालून चाक फिरवलं. भिंगरी मात्र ताडकन उठली, लायब्ररीत शिरली, माझ्यावरचा कप बाजूला आपटला आणि म्हणाली, "लावा. आत्ता लावा. नसले बाबा त्यात तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. आणि असले तर तुम्ही."

काका हसत हसत मला मशीनमध्ये ढकलून मोकळे झाले. माझं झाकण उघडलं. मी धावायला लागले.

आला. तो प्रसंग आला. नायक कोट काढायला कपाट उघडतो आणि आतून शिंप्याचं भूत बाहेर येतं, तोंडात टाचण्या, गळ्यात मोजायची पट्टी. आपल्याकडे पाठ करून ते नायकाचं माप घ्यायला लागतं. छाती, कंबर, हात. नायकाचे दात वाजतायत. भूत म्हणतं, "हलू नका. श्वास सोडा." मग जरा विचार करून विचारतं, "बाही लांब ठेवू का? खाली गार असतं हो." आणि एवढं बोलून ते वळून आपल्याकडे बघतं आणि हसतं. एवढंच. पण काय हसायचे मास्तर! गिऱ्हाइकाला कपडा बेतशीर बसल्यावर शिंपी जसा हसतो ना, तसे.

भिंगरी ओरडत बाहेर पळाली, "बाबा! ओ बाबा, या ना!" मास्तर तोंडातल्या टाचण्यांसकट आले. काकांनी फीत मागे घेतली, परत लावली, आणि मास्तर वळले तिथे बटण दाबलं. पडद्यावर मास्तर थांबले, पडद्यासमोर मास्तर थांबले. दोघांच्या तोंडात टाचण्या.

तो माझा पहिला पॉज.

"मास्तर," काका म्हणाले, "चुकलो हो मी." आणि रस्त्यावरच्या लोकांना हाका मारायला लागले. "अरे या, बघा, आपले मास्तर बघा!"

तिथून माझे दिवस पालटले. स्टुलावरून मी दर्शनी फळीवर आले. कॉलेजची पोरं मला घेऊन जायची, दहा जण एका खोलीत बसायचे आणि मास्तर बोलायच्या आधीच सगळे ओरडायचे, "बाही लांब ठेवू का?" त्या वाक्याला पाय फुटले. बसमध्ये, ऑफिसात, दवाखान्याच्या रांगेत, कुणी घाबरलेला दिसला की बाजूचा म्हणायचा, "खाली गार असतं हो." मास्तरांकडे गिऱ्हाइकं मुद्दाम यायची आणि दंड पुढे करून सांगायची, "मास्तर, जरा लांबच ठेवा." मास्तर लाजायचे आणि माप एक बोट वाढवायचे.

पुढे लायब्ररी बंद पडली. काकांनी मशीन आणि मी, दोघांनाही मास्तरांच्या हातात दिलं. "तुमचं बिऱ्हाड तुम्हीच सांभाळा," म्हणाले. सोबत म्हणून मला तेच मशीन मिळालं याचा मला फार आनंद झाला. आमचं छान जमायचं. मी धावायची, ते वाचायचं.

मित्रांनो, आता नीट ऐका. फीत थांबते तेव्हा मशीन थांबत नाही. आतलं वाचायचं चाक गरगर फिरतच राहतं आणि फितीच्या त्या एकाच जागेवर घासत राहतं. मशीनला हे ठाऊक असतं. म्हणून थोडा वेळ गेला की ते बिचारं आपणहून पॉज सोडून द्यायचं. खट्ट. म्हणजे ते सांगायचं, पुरे आता, हिला दुखतंय. पण या घरात ते खट्ट झालं की लगेच कुणीतरी पुन्हा बटण दाबायचं.

आधी भिंगरी दाबायची. पाहुणा आला की चहाच्या आधी मी. मास्तर वळले की पॉज. "हे बघा मावशी, आमचे बाबा. नीट बघा. पुढे येऊन बघा." मास्तर संकोचून म्हणायचे, "अगं चालू दे ना. पुढे गोष्ट आहे, ती बघू दे त्यांना."

"थांबा हो बाबा, मावशींचा चष्मा घरी राहिलाय."

"मग काय त्या घरून आणेपर्यंत मी असाच दात काढून उभा राहू? चालू दे गं."

मास्तरांना फार वेळ थांबायला आवडायचं नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

मग एका सकाळी मास्तर दुकान उघडायला गेले नाहीत. झोपेतच गेले. अर्धवट शिवलेला एक शर्ट मशीनखाली तसाच राहिला, एक बाही लागलेली, एक लागायची.

घरात मास्तरांचा एकच फोटो होता, ओळखपत्रावरचा. त्यात ते असे दिसायचे की जणू काहीतरी चोरताना पकडले गेलेत. भिंगरीच्या आईने तो बघितला आणि पालथा ठेवला. "हे नव्हेत ते," म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ताट वाढून घेतलं, टीव्हीसमोर बसली आणि भिंगरीला म्हणाली, "लाव गं त्यांना."

मी धावले. पाठ, माप, "श्वास सोडा", "गार असतं हो", आणि मास्तर वळले. आईने स्वतः बटण दाबलं. मग ती जेवायला लागली. मध्येच म्हणायची, "भाजीत मीठ कमी पडलंय ना? सांगा की." मास्तर हसत राहायचे. खट्ट व्हायचं, ती डाव्या हाताने पुन्हा दाबायची. रोज दुपारी. पाऊस असो, ऊन असो. ती जेवून उठेपर्यंत मास्तर पानावर सोबत.

तुम्हीच सांगा, कोण चिडणार तिच्यावर? मी तर चिडकी आहे, पण मलासुद्धा राग आला नाही. मला फक्त जळजळायचं, त्या एकाच जागी. आधी मास्तरांच्या कपाळावर पांढरे ठिपके आले. मग रेघा. माझ्या अंगावरची पूड सुटत होती आणि मशीनच्या चाकावर जाऊन बसत होती. आई पदराने टीव्हीची काच पुसायची. "धूळ किती येते मेली." धूळ नव्हती ती, मित्रांनो. ते मास्तर होते.

एक दिवस सगळाच पडदा पांढरा झाला. पुढचं नाही, मागचं नाही, नुसतं खरखर पांढरं. भिंगरीने दुसरी कुणाची कॅसेट घालून बघितली. तीही पांढरी. "मशीन गेलं गं आई," ती म्हणाली. "बघ, कुठलीच चालत नाही." तसं तिचंही बरोबरच होतं. माझीच पूड चाकावर बसून त्याचे डोळे गेले होते. दोष मशीनला लागला. भंगारवाल्याने त्याला पोत्यात टाकलं तेव्हा ते एकदा खळखळलं. ज्याने रोज खट्ट करून सांगितलं, तेच बाद ठरलं. माझं तोंड झाकणाखाली बंद.

"कॅसेट तेवढी नीट ठेव," आई म्हणाली. "त्यात आहेत ते. चांगलं मशीन मिळालं की बघू." तिने मला त्या एका बाहीच्या शर्टात गुंडाळलं, डांबरगोळ्या घातल्या आणि कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलं. त्यांना वाटायचं मास्तर आत सुखरूप आहेत. मला एकटीला ठाऊक होतं की नाहीत. असं गुपित पोटात घेऊन वर्षानुवर्षं अंधारात पडून राहणं म्हणजे काय, ते कपाटातल्या भुतालाच विचारा.

खाली दिवस जात राहिले. भिंगरी मोठी झाली, मास्तरांच्याच शिलाई मशीनवर बसायला लागली. तिला मुलगी झाली, तीच ही छोटी. आईची आजी झाली. बाहेर सिनेमाचंही नशीब फिरलं. ज्यावर लोक उठून गेले होते, तोच आता पोरं फोनवर बघायला लागली, पुन्हा पुन्हा, पाठ होईपर्यंत. पण फोनवर होता तो कापलेला. मास्तरांचं वाक्य तोंडोतोंडी चालत आलेलं सगळ्यांना येत होतं, आणि ते सिनेमात कुठे आहे ते कुणालाच सापडत नव्हतं.

एका संध्याकाळी छोटी शाळेतून रडत आली. गणवेशाची बाही खांद्यापासून लोंबत होती.

"कुणाशी भांडलीस?" भिंगरीने विचारलं.

"सगळे म्हणत होते, बाही लांब ठेवू का, बाही लांब ठेवू का. मी म्हटलं माझे आजोबा आहेत ते. तर म्हणाले, थापाडी. तसला सीनच नाहीये. दाखव म्हणाले. मग मी एकाला ढकललं."

"आणि त्याने बाही ओढली."

"नाही. बाही खिळ्याला अडकली. पण मी ढकललं जोरात."

"आईवर गेलीस," आजी आतून म्हणाली. थिएटरातले ते दिवे, मागच्या माणसाचं ते वाक्य, सगळं परत घरात येऊन बसलं होतं. दोन पिढ्यांनंतर पुन्हा मास्तर खोटे ठरत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत छोटीने फोन नाचवत आणला. एक कंपनी 'कपाटातलं बिऱ्हाड' नव्याने घरोघरी आणणार होती, चकचकीत डिस्कवर, पूर्ण. त्यांनी लोकांना विचारलं होतं की शिंप्याच्या भुताचा प्रसंग असलेली जुनी कॅसेट कुणाकडे आहे का. आजी काही न बोलता स्टुलावर चढली. मला खाली काढलं, शर्टातून सोडवलं आणि पदराने पुसलं. "आता बघू कोण नाही म्हणतं ते," म्हणाली. मला मात्र परत शर्टात शिरावंसं वाटलं.

कंपनीची खोली माझ्या जन्माच्या खोलीसारखीच होती, पंखे घरघरणारी. तिथल्या माणसाच्या कानांवर सारखी मोठी कानटोपी असायची आणि त्यातून वायर लोंबायची, म्हणून छोटीने लगेच त्याला कानटोप्या नाव दिलं. त्याने सांगितलं की आणखी दोन कॅसेटी आल्या होत्या. "एकीवर लेबल बिऱ्हाडाचं, आत कुणाच्या तरी लग्नाची पंगत. दुसरीवर फुटबॉलची मॅच. सिनेमा पुसून वर मॅच घेतात, काय माणसं असतात!" मग त्याने माझं झाकण उचलून आत बघितलं. "वा. बुरशी नाही, ओल नाही. कुणी ठेवलं हो इतकं छान?"

"डांबरगोळ्या घातल्या होत्या," आजी म्हणाली आणि ताठ बसली.

त्याने मला मशीनमध्ये सारलं. कपाट उघडलं. मास्तर बाहेर आले, पाठमोरे. छोटी चवड्यांवर उंच झाली. छाती, कंबर, हात. "हलू नका. श्वास सोडा." पाठ कशी स्वच्छ दिसत होती! "बाही लांब ठेवू का? खाली गार असतं हो." मास्तर वळायला लागले. आणि वळता वळता पांढरे झाले. जिथे चेहरा यायचा तिथे नुसती पांढरी खरखर, मानेवर ठेवलेली.

"तुमचं मशीन खराब आहे," भिंगरी ताडकन म्हणाली. "आमच्याही मशीनला असंच झालं होतं."

कानटोप्याने मला बाहेर काढलं, झाकण वर करून ती जागा दिव्यासमोर धरली. तिथून उजेड आरपार आला. तो चिडला. "मशीन नाही हो बाई. फीत बघा, काच झालीय. इथे कुणी एवढं पॉज केलंय? फीत उभी राहते तेव्हा आतलं चाक घासत असतं सारखं. कुणीतरी बसून बसून खरवडून काढलाय चेहरा!"

"मी केलं," भिंगरी पटकन म्हणाली. "लहान होते तेव्हा. पाहुण्यांना दाखवायला."

"ती नाही हो," आजी म्हणाली. आवाज अगदी शांत. "म्हणजे थोडं तिने. बाकी मी. जेवताना."

"जेवताना?"

"एकटीला घास उतरायचा नाही."

कानटोप्याने गळ्यातली वायर उगाचच सरळ केली. पुन्हा वाकडी केली. मित्रांनो, मला त्या क्षणी वाटलं की मशीनने माझी फीत चावून टाकावी आणि मी संपून जावं. आजी माझ्याकडे बघत होती. मी कितीतरी वर्षं हीच नजर टाळत कपाटात पडले होते.

"आवाज आहे ना पण," छोटी मध्येच म्हणाली. "आवाज तर आला."

कानटोप्याने मान वर केली. मग हळू, समजावत बोलला, "आवाज फितीच्या काठाने जातो. त्याचं वाचायचं टोक वेगळं असतं, ते फिरत नाही. आणि पॉज केलं की आवाज बंदच असतो. म्हणून तो झिजला नाही."

म्हणजे जे त्यांनी धरून ठेवलं ते गेलं, आणि जे त्यांनी जाऊ दिलं ते राहिलं. मला माझ्याच पोटातली ही गोष्ट त्या दिवशी कळली.

त्याने परत लावलं, नुसता आवाज मोठा करून. खोलीभर मास्तर म्हणाले, "हलू नका. श्वास सोडा." आजीने खरंच श्वास सोडला. किती दिवसांचा धरलेला होता कोण जाणे.

"वळायच्या आधी कापतो," कानटोप्या म्हणाला. "पाठ आणि आवाज घेतो, चांगलं दिसेल."

"एकदा कापलंय त्यांना," आजी म्हणाली. "आता नको. आहे तसं ठेवा."

"लोकांना पांढरं दिसेल हो, आजी."

"दिसू दे. त्या पांढऱ्यात कोण आहे ते मला माहितीये."

डिस्क निघाली. ती लोकांसमोर ठेवायच्या दिवशी एका सभागृहात सिनेमा लावला. मला छोटीने दप्तरातून नेलं होतं, चेन थोडी उघडी ठेवून. बघते तर पोरंपोरी सगळी लांब लांब बाह्यांचे शर्ट घालून आलेली, पंजे झाकून खाली लोंबणाऱ्या बाह्या. आजी पुटपुटली, "कुणी शिवलेत हे? ना बेत, ना माप." मास्तरांच्या प्रसंगाला सगळ्यांनी एका सुरात वाक्य म्हटलं, बाह्या हलवल्या. आणि मास्तर वळले, चेहऱ्याच्या जागी पांढरं. सभागृह किंचाळलं. मग असं हसलं, असं टाळ्या वाजवत सुटलं की खुर्च्या हलल्या.

"काय डोकं लावलंय दिग्दर्शकाने!" मागचा कुणीतरी म्हणाला. "भूत वळतं आणि तोंडच नाही!"

छोटी उसळून उठणार होती. आजीने तिचा हात धरून खाली बसवलं. सिनेमातली सगळ्यात भारी युक्ती म्हणून आता लोक तीच सांगतात. ती एका बाईच्या दुपारच्या जेवणांनी झाली हे कुणाला माहीत आहे? त्या तिघींना. आणि मला.

परवा छोटीची मैत्रीण घरी आली होती, तीच कंपासपेटीवाली. सगळ्यांना दुपारचं जेवायला वाढलं होतं. भिंगरी तेवढी कोपऱ्यात शिलाई मशीनवर होती, एक काम संपवून येते म्हणत. छोटीने डिस्क लावली. मैत्रीण घास चावता चावता म्हणाली, "पण तोंड तर दिसतच नाही. मग तुझेच आजोबा कशावरून?"

छोटीचं तोंड एवढंसं झालं. उत्तर माझ्याकडे होतं एकेकाळी, ते झिजलं.

आजीने पडद्याकडे बोट केलं. मास्तर पाठमोरे माप घेत होते. "ती पाठ बघ," ती म्हणाली. "उजवा खांदा बघ, कसा उतरलाय. आता तिकडे बघ." मैत्रीण वळली. कोपऱ्यात भिंगरी आपली खाली मान घालून चाक फिरवत होती, पाठमोरी. उजवा खांदा खाली. हँगरवर शर्ट नीट न बसल्यासारखा.

मैत्रिणीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. चावायची थांबली. "अय्या," म्हणाली.

इतकी वर्षं मास्तरांच्या पाठीवर कुणी पॉज केलं नव्हतं. कुणी बघितलीच नव्हती ती. आणि रोज घरात डोळ्यांसमोर असलेली भिंगरीची पाठही कुणी बघितली नव्हती.

तेवढ्यात मास्तर वळायला लागले. छोटीचा हात सवयीने बटणाकडे गेला, ती पाठ मैत्रिणीला अजून नीट दाखवायला.

"नको गं," आजी म्हणाली. "चालू दे त्यांना."

मित्रांनो, मी काही शहाणी नाही, एक झिजलेली कॅसेट आहे. पण एवढं ऐका. जुन्या वस्तू नुसत्या डांबरगोळ्यांत ठेवून जपल्या जात नाहीत. त्या अधूनमधून उघडा, बघा, त्यांची नक्कल करून ठेवा, वेळ आहे तोवर. मशीन खट्ट करून काही सांगत असेल तर ऐका, ते उगाच बोलत नाही. त्याचं ऐकलं असतं तर मास्तर आज हसत असते. आणि ज्याला धावायचंय त्याला प्रेमापोटीसुद्धा फार वेळ धरून ठेवू नका. चालू असतानाच डोळे भरून बघून घ्या. वळण्याची वाट बघू नका. पाठ दिसत असेल तर पाठ बघा.

आता मला मशीन नाही. कानटोप्याने परत देताना मला अगदी मागे गुंडाळून दिलं, काकांची पाटी वाचल्यासारखं. म्हणून मी सध्या सुरुवातीला आहे. इथे कपाट अजून उघडलेलं नाही. मास्तर आत उभे आहेत, तोंडात टाचण्या धरून, आपली पाळी यायची वाट बघत.